पाच किलो, पाच टक्के

जगात कर भरणारे लोक असतात, कर चुकवणारे असतात, आणि भरतो-भरतो म्हणत चुकवणारेही असतात. पण ज्याला कर लागतच नव्हता आणि ज्याने उन्हातान्हात हिंडून, पदरचे पैसे खर्चून, वर स्वतःचा फोटो छापून तो आपल्यावर ओढवून घेतला, असा माणूस निदान आमच्या भंडारा जिल्ह्यात तरी मी एकटाच असावा. तिकडे साकोली-लाखांदूरला आणखी कोणी असेल तर त्याने जरूर भेटावं. चहा घरीच पाजीन. हॉटेलात पाच टक्के पडतात.

तसा मी मराठी शिकवून निवृत्त झालेला मास्तर. पगारातला आयकर शाळेचा कारकून परस्पर कापायचा आणि उरलेला पगार आमची ही परस्पर ताब्यात घ्यायची, त्यामुळे कर आणि पैसा या दोन्ही विषयांशी माझा कधी थेट संबंधच आला नाही. 2017 साली 30 जूनच्या रात्री संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये जीएसटीचा मोठा सोहळा होता, बाराच्या ठोक्याला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी आणि पंतप्रधान मोदी मिळून नव्या कराचा आरंभ करणार होते, आणि इतिहास घडताना आपण जागं असलं पाहिजे म्हणून मी चहाचा थर्मास उशाला घेऊन टीव्हीपुढे बसलो होतो. अकराला घोरायला लागलो. जीएसटीबद्दलचं माझं ज्ञान त्यानंतर कैक वर्षं त्या अकरा वाजताच्याच मुक्कामावर होतं.

घराण्यात व्यापार अगदीच नव्हता असं नाही. आमच्या आजोबांचं किराण्याचं दुकान होतं, आणि तेव्हा भंडारा मध्यप्रांत-वऱ्हाडात असल्यामुळे त्यांना 1947 चा सी.पी. अँड बेरार सेल्स टॅक्स अ‍ॅक्ट लागू झाला. पुढे वडलांच्या वाट्याला 1959 चा मुंबई विक्रीकर आला. जकात नाक्यावरची हुज्जत वेगळीच. 2005 मध्ये व्हॅट आला तोवर दुकान बंद पडलं होतं. तीन पिढ्यांचं हे सगळं संचित माझ्याकडे एका लाकडी गल्ल्याच्या रूपाने आलं, ज्यात मी आजवर फक्त रबरबँड ठेवत आलो होतो.

आमच्या जिल्ह्यात तलाव, पितळेची भांडी आणि धान या तीन गोष्टींना तोटा नाही. पुण्या-मुंबईचा पाहुणा वैनगंगा पाहून परत निघाला की त्याच्या गाडीच्या डिकीत तांदूळ टाकायचा हा इथला शिरस्ता आहे, आणि तो चिन्नोर असेल तर पाहुणा पुन्हा लवकर येतो. चिन्नोरचा दाणा बारीक, भात मऊ, आणि शिजायला लागला की शेजाऱ्यांना कळतं. भौगोलिक मानांकन मिळालेला तांदूळ आहे तो, ऐरागैरा नव्हे. तर झालं असं की 2024 च्या दिवाळीनंतर मी पुण्याला मुलाकडे गेलो तेव्हा सोबत नेलेला चिन्नोर सुनेने मैत्रिणींना वाटला, आणि त्यातली एक मैत्रीण मला लिफ्टमध्ये म्हणाली, "काका, तुम्ही हा विकत का नाही देत?"

तो तिसरा मजला होता. सातव्या मजल्यापर्यंत मी उद्योजक झालो होतो.

परत आल्या आल्या पवनीकडच्या चुलतभावाला गाठलं. त्याच्या शेतात चिन्नोर होतो. तो म्हणाला, "दादा, तू कायले मधात पडतेस? मी धान विकतो, त्यात मले ना नोंदणी लागत ना कर. तुले लागन तेवढं घेऊन जा." शेतकऱ्याने आपल्या शेतात पिकवलेलं धान विकलं तर त्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही, ही गोष्ट दहावी नापास चुलतभावाला पाठ होती आणि एम.ए., बी.एड. मला नव्हती. मी त्याला मोठेपणाने सांगितलं, "तू पिकव, विकायचं मी पाहतो." तो बिचारा गप्प बसला. आमच्या घराण्यात थोरल्याला उलटून बोलायची पद्धत नाही, आणि त्यामुळे आमच्या घराण्याचं बरंच नुकसान झालेलं आहे.

पुढचा टप्पा राइस मिलचा. भरडाईच्या बिलावर पाच टक्के जीएसटी लागलेला पाहून मी मिलवाल्याला विचारलं, की धानावर कर नाही, तांदळावर कर नाही असं ऐकतो, मग हा मधल्यामध्ये कुठून आला? तो म्हणाला, "धान माल हाय, तांदूळ माल हाय, आन् भरडाई म्हनजे सेवा हाय जी." म्हणजे धानातून तांदूळ होताना वाटेत एकदा सेवेच्या गावाहून जावं लागतं, आणि तिथे टोल आहे. मग त्याने, मला आजही आठवतं, अगदी देवदूताच्या तोंडून यावी अशी गोष्ट सांगितली. "सर, तीस किलोच्या कट्ट्यात शिवून देतो. तसाच न्या ना जी. बारक्या पिशव्या कायले पायजे?"

मी हसलो. कट्ट्यातून तांदूळ विकणारे दुकानदार असतात. मला ब्रँड काढायचा होता.

पाच किलोची पिशवी हे मी स्वतः ठरवलं. मग छापखाना गाठला. पिशवीवर आजीचा फोटो घालावा असा विचार होता, पण आजीचा उपलब्ध एकमेव फोटो सतराजणांच्या ग्रुपमधला निघाला आणि त्यात तिने नेमकी मान वळवलेली, म्हणून मग, आग्रह कोणीही केलेला नसताना, मी माझा घातला. फेटा बांधून. त्याखाली वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, तक्रारीसाठी घरचा फोन, आणि "सर्व करांसहित" हे शब्द, कारण इतर पिशव्यांवर ते पाहिलेले होते आणि वजनदार वाटले होते. ठळक अक्षरांत "सुवासिक चिन्नोर" छापायला सांगितलं आणि छापखानेवाल्याने मुद्रित दिलं ते मी तीनदा वाचून, पस्तीस वर्षं पोरांच्या निबंधात लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ काढणाऱ्या त्याच नजरेने तपासून, खाली सही करून परत दिलं. पिशव्या आल्या. त्यांवर छापलं होतं "सुवासिनी चिन्नोर".

ही म्हणाली, "आता पिशवीला कुंकूही लावा."

ते तिने सहज म्हटलं होतं, पण पुढे मला कळलं की कुंकवावर जीएसटी नाही. काचेच्या बांगड्यांवर नाही. म्हणजे सुवासिनीच्या अंगावरच्या दोन वस्तू सरकारने सोडल्या होत्या. तिच्या नावाच्या तांदळाला मात्र धरलं होतं.

हे कळलं ते शेजारच्या सूनबाईकडून. ती बी.कॉम. आहे, लग्नाआधी नागपुरात एका कर-सल्लागाराकडे होती, आणि आता घरी बसून दहा-बारा व्यापाऱ्यांची विवरणपत्रं भरते. एका बाजूला कुकर, एका बाजूला लॅपटॉप; दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात ती एका किराणा दुकानाचं त्रैमासिक संपवते. मी तिला पहिली पिशवी कौतुकाने नेऊन दिली. तिने आधी फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग पिशवी उलटसुलट फिरवून म्हणाली, "काकाजी, नंबर घेतला का?"

मी म्हटलं, "छापलाय की. घरचाच आहे."

तिने गॅस बारीक केला. तेवढ्यावरून मी ओळखायला हवं होतं.

मग तिने जे समजावलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो, आणि चुकलंमाकलं तर तिच्याकडे बोट दाखवू नका. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा साध्या, बिनब्रँडच्या तांदळाला कर नव्हता. नोंदणीकृत ब्रँडच्या पिशवीला पाच टक्के होता. त्यामुळे झालं काय, की बरेच जण आपला ब्रँड आपला नाहीच म्हणायला लागले. मग 18 जुलै 2022 पासून सरकारने ब्रँडचा विचारच सोडला आणि म्हटलं, की आधीच वजन करून बंद केलेलं आणि लेबल लावलेलं पाकीट असेल आणि आत पंचवीस किलो किंवा त्याहून कमी तांदूळ असेल, तर पाच टक्के. सुट्टा दिला तर नाही. पंचवीस किलोच्या वरची पोती असतील तर नाही.

"म्हणजे पंचवीस किलोला कर आहे आणि सव्वीस किलोला नाही?"

"म्हणून तर बाजारात सव्वीस किलोची पोती आली ना, काकाजी."

मी मिलवाल्याचा तो तीस किलोचा कट्टा आठवला आणि मला एकदम घाम फुटला. त्या माणसाने मला कायद्याचं सार एका वाक्यात सांगितलं होतं आणि मी त्याला अडाणी समजून फेटा बांधायला गेलो होतो. तांदूळ तोच, शेत तेच, वैनगंगेचं पाणी तेच. कर बसला होता तो दाण्यावर नव्हे, माझ्या हौसेवर.

सूनबाई मनाने चांगली. माझा चेहरा पाहून तिने धीर दिला, की घाबरू नका, मालाच्या विक्रीला वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणीच लागत नाही, आणि तुमची विक्री, तिने पिशव्यांकडे नजर टाकली, त्याच्या बऱ्याच खाली असेल. मी सुटकेचा निःश्वास सोडला. मग उठता उठता तिने सहज विचारलं, "महाराष्ट्राच्या बाहेर तर नाही ना पाठवला?"

इथे एखाद्या सुज्ञ माणसाने मान हलवून घरचा रस्ता धरला असता. पण मी उद्योजक होतो. मी छाती पुढे काढून म्हटलं, "पाठवला की! बालाघाटला!"

बालाघाट म्हणजे माझी सासुरवाडी. तुमसरच्या पुढे गेलं, बावनथडीचा भाग मागे टाकला, की मध्य प्रदेश लागतो, आणि तिथे माझा साळा राहतो. साळ्याला पाच पिशव्या दिल्या होत्या. ही म्हणत होती की भावाला काय विकता, असाच द्या. पण मी तेव्हा व्यवहार शिकत होतो, त्यामुळे "नातं नात्याच्या जागी" असं काहीसं बोलून त्याच्याकडून छापील किमतीत पैसे घेतले होते, आणि त्यानेही काही न बोलता, बहिणीकडे एकदा पाहून, मोजून दिले होते. सूनबाई कपाळाला हात लावून म्हणाली, की करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की 40 लाखांची सवलत संपली. मग विक्री एक रुपयाची का असेना, नोंदणी सक्तीची.

"आणि फुकट दिला असता तर?"

"तर विक्रीच झाली नसती."

हे वाक्य हिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं. आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत आहे, आणि तीही माझ्या बाजूने कधी उभी राहिलेली नाही.

अजूनही वेळ गेली नव्हती, असं मला पुढे बऱ्याच जणांनी सांगितलं. पण एव्हाना मला त्या नंबरचीच ओढ लागली होती. पंधरा अक्षरांचा नंबर! पहिले दोन आकडे 27, म्हणजे महाराष्ट्र. मग दहा अक्षरं आपल्या पॅनची. मग एक आकडा, मग झेड, आणि शेवटी तपासणीचं एक चिन्ह. नोंदणीला फी नाही, हे कळल्यावर तर माझा उत्साह दुणावला. माझ्या आयुष्यात सरकारने फुकट दिलेली ही एकमेव गोष्ट, आणि तीच सगळ्यांत महाग पडली.

धंद्याच्या जागेचा पुरावा म्हणून विजेचं बिल लागतं. ते अजून वडलांच्या नावावर, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. जागेचा फोटो लागतो. तो मी काढला, आणि अपलोड झाल्यावर पाहतो तर तांदळाच्या पिशव्यांच्या मागे दोरीवर माझी बनियनं आणि पुढे खाटेवर हिचे सांडगे, असा एकूण व्यवसायाचा पसारा दिसत होता. मोबाइल नंबर पुण्याच्या मुलाचा दिला होता, कारण सगळं ऑनलाइन तोच बघणार असं त्याने उत्साहात कबूल केलं होतं. त्यामुळे ओटीपी आला की तो हिंजवडीत येणार, मुलगा मीटिंगमध्ये असणार, इकडे माझ्या पडद्यावर वेळ उलटी मोजली जाणार, आणि मुलगा बाहेर येऊन सहा आकडे सांगेपर्यंत त्या आकड्यांचा उपयोग फक्त पाढे म्हणण्यापुरता उरणार.

लहान व्यापाऱ्यांसाठी कंपोझिशन नावाची सोपी योजना आहे. विक्रीवर एक टक्का भरा, कटकट कमी. मी लगेच तीच घ्या म्हटलं. ती आंतरराज्य विक्री करणाऱ्याला मिळत नाही. बालाघाट पुन्हा आडवं आलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी सासुरवाडीने माझ्यावर असा सूड उगवावा याचं मला आश्चर्य वाटलं. हिला वाटलं नाही.

प्रमाणपत्र मात्र आलं. ते धंद्याच्या जागी दिसेल असं लावायचं असतं. मी फ्रेम करून बैठकीत वडलांच्या फोटोशेजारी लावलं, आणि गावाकडून आलेल्या एका मावशींनी चष्मा नव्हता म्हणून दोघांनाही हार घातला.

मग हिशेब. पिशवीवर किंमत छापलेली 500 रुपये, सर्व करांसहित. त्या दोन शब्दांचं वजन आता कळलं: वरून एक पैसाही घेता येईना, कर जायचा तो माझ्याच पाचशेतून. मी म्हटलं, पाच टक्के म्हणजे पंचवीस. सूनबाई म्हणाली, नाही, आत धरलेला कर वेगळा काढायचा, 105 मध्ये 5, म्हणजे 23 रुपये 81 पैसे. पुण्याच्या पिशवीचे निम्मे केंद्राला, निम्मे राज्याला. बालाघाटच्या पिशवीचे सगळे एकाच खात्यात, आयजीएसटी म्हणून. माझ्या खिशातून जाताना मला तरी दोन्ही सारखेच वाटले.

पण पुढे तिने एक गोष्ट सांगितली आणि माझी झोप उडाली. धंद्यासाठी जे घ्याल त्यावर भरलेला कर वजा मिळतो. प्लास्टिकच्या विणलेल्या पिशव्यांवर 18 टक्के, इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर 18 टक्के. म्हणजे माझेच पैसे परत! त्या दिवसापासून मी बिल मागायला लागलो. सलूनमध्ये दाढी झाल्यावर मी नंबर सांगून बिल मागितलं, तर त्याने वस्तरा खाली ठेवून आरशातून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पैसे देऊन, कंगवाही न फिरवता निघून आलो. डोसा खाऊन बिलावर नंबर घालायला लावला. औषधांच्या बिलावर घातला. पितळेच्या दुकानातून एक मोठी परात आणली, 12 टक्के कर भरून, कारण जाहिरातीच्या फोटोत चिन्नोर पितळेच्या परातीत शोभून दिसेल आणि भंडाऱ्याची दोन्ही वैभवं एका चौकटीत येतील. फोटो एक निघाला. दुसऱ्या दिवशी परातीत कणीक तिंबलेली होती.

सगळा बिलांचा गठ्ठा सूनबाईपुढे ठेवला. तिने डोसा काढला, औषधं काढली, परात काढली. स्वतःच्या खाण्यापिण्याचा आणि घरच्या वापराचा कर वजा मिळत नाही म्हणे. गठ्ठ्यात शेवटी पिशव्या आणि काटा उरले. "काकाजी," ती हळूच म्हणाली, "आधी तांदूळ विका, मग बिलं जमवा."

मी फारच हिरमुसलेला पाहून तिने मला 2024 च्याच डिसेंबरातली पॉपकॉर्नची बातमी दाखवली. जीएसटी परिषदेने खुलासा केला होता: मीठ-मसाल्याचं सुट्टं पॉपकॉर्न 5 टक्के, तेच पाकीटबंद आणि लेबलवालं 12, आणि साखरेचं कॅरमल लावलं तर 18. विलायतेत तर जॅफा केक नावाचा पदार्थ केक आहे की बिस्किट, यावर 1991 मध्ये व्हॅट न्यायाधिकरणापुढे खटला चालला, कारण केकला व्हॅट शून्य आणि चॉकलेट लावलेल्या बिस्किटाला पूर्ण. शिळा झाला की केक कडक होतो आणि बिस्किट मऊ पडतं, हाही मुद्दा तिथे गंभीरपणे मांडला गेला, आणि जॅफा केक ठरला. हे वाचून मला फार बरं वाटलं. एवढी शहाणी माणसं एका घासावरून कोर्टात उभी राहतात, तर मी निदान पाच किलोवरून फसलो होतो.

खरा छळ मात्र सुरू झाला तो विक्री थांबल्यावर. उन्हाळ्यात पुण्याचे लोक आमरस खातात, तांदूळ मागवत नाहीत. तीन महिन्यांत एक पिशवी गेली नाही. सूनबाईने मला तिमाहीवाल्यांत घातलं होतं. तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या 22 तारखेच्या आत विवरणपत्र. मी म्हटलं, "अगं, काही विकलंच नाही तर भरू काय?"

"विकलं नाही, हेच भरायचं."

न विकल्याचंही विवरणपत्र असतं, आणि ते वेळेत दिलं नाही तर दिवसाला 20 रुपये पडतात. म्हणजे मी घरी नुसता पंख्याखाली पडून राहिलो तरी तारीख उलटल्यापासून माझं मीटर चालू. हे कळल्यावर मला दुपारची झोप लागेना. सूनबाई माहेरी गेलेली. तिने जाताना सांगितलं होतं, की शून्याचं असलं तर मोबाइलवरून 14409 ला मेसेज करूनही भरता येतं: आधी निल, मग थ्री-बी, मग नंबर, मग कालावधी. मी चष्मा लावला, एकेक अक्षर तपासून घातलं, पंधराच्या पंधरा अक्षरं तोंडपाठ होती, आणि समाधानाने पाठवून दिलं. सरकारऐवजी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

एका मावसभावाने विचारलं, कुणाचा रिपोर्ट आहे? बहिणीने लिहिलं, बी-थ्री कमी असेल तर मोड आलेली कडधान्यं खा. नागपूरच्या काकांनी, जे ग्रुपवर काहीही न वाचता उत्तर देतात, भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली, आणि मग त्यांचं पाहून इतर चौघांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत फोन येत होते. आणि एवढं होऊन तो मेसेज 14409 ला पोचला असता तरी काही उपयोग नव्हता. कारण तो नोंदलेल्या मोबाइलवरूनच जावा लागतो, आणि नोंदलेला मोबाइल हिंजवडीत मीटिंगमध्ये होता.

मग आला 22 सप्टेंबर 2025. घटस्थापनेचा दिवस, आणि त्याच दिवसापासून नवे दर. बारा आणि अठ्ठावीसचे टप्पे गेले. मोठे राहिले पाच आणि अठरा, आणि चैनीच्या वस्तूंना चाळीस. मी सकाळी अंघोळ करून, पेपर मांडीवर घेऊन यादी वाचायला बसलो. केसांचं तेल, साबण, टूथपेस्ट अठरावरून पाचवर. वह्या-पेन्सिली करमुक्त, मी शिकवत होतो तेव्हा हे सुचलं नाही. पितळेची भांडी बारावरून पाच. परातीकडे मी पाहिलं नाही. पाकीटबंद पनीर शून्य, पराठा अठरावरून शून्य, पोळी शून्य. माझं काळीज धडधडायला लागलं. पोळीपर्यंत आले म्हणजे भात आता किती लांब? पान उलटलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पाकीटबंद तांदूळ होता तिथेच होता. पाच टक्के.

ही म्हणाली, "पोळी खाणाऱ्यांचं बरं आहे."

अखेर नोंदणी रद्द करायची ठरली. ती सूनबाईनेच अर्ज करून केली. रद्द झाली तरी तीन महिन्यांच्या आत एक अंतिम विवरणपत्र द्यावं लागतं, ज्याला मी तेराव्याचं विवरणपत्र म्हणतो. उरलेल्या पिशव्या उसवून तांदूळ पुन्हा कोठीत ओतला. फेट्यातले माझे ते सगळे चेहरे हिने कापून माळ्यावरच्या डब्यांखाली अंथरले. सांडगे वाळत घालायलाही ते फार सोयीचे निघाले.

धंदा मात्र बंद झाला नाही. तो हिने आणि सूनबाईने घेतला. तीस किलोचे कट्टे, वर सुतळी, ना नाव ना फोटो. पुण्याच्या सोसायटीतल्या बायका सहाजणी मिळून एक कट्टा घेतात आणि आपसात वाटून घेतात. कर नाही, नंबर नाही, विवरणपत्र नाही. मिलवाला हिला "बाईसाहेब" म्हणतो आणि मला कट्टे कुठे ठेवायचे ते सांगतो.

यंदाच्या भाऊबीजेला बालाघाटहून साळा आला. हिने त्याला एक कट्टा चिन्नोर गाडीत घालून दिला, आणि त्याचे पैसे घ्यायचा विषय काढायची माझी छाती नव्हती. ओवाळून झाल्यावर त्याने ताटात पाकीट ठेवलं. ते जरा जाडच दिसत होतं. बहिणीच्या नवऱ्याच्या हौसेपायी आपल्याला पिशव्या विकत घ्याव्या लागल्या होत्या, हे तो विसरला नव्हता, आणि आता उलट बहिणीला भरभरून देत होता, हे मला कळत होतं. पण माझ्या डोक्यात एकच चक्र सुरू झालं. राज्य दुसरं, माल तांदूळ, आणि ताटात पैसे. मी मागच्या दाराने शेजारी गेलो आणि सूनबाईला हळूच विचारलं, की भाऊबीजेच्या ओवाळणीला मोबदला समजतात का?

तिने कुकरचं झाकण लावलं. "काकाजी, कट्टा तीस किलोचा आहे. जाऊन जेवा."